पैसे महिन्याचे नकोत, सत्राचे शिकवा

पत्र : सातारा जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. यंदा प्राचार्यांनी प्रथम वर्षासाठी 'आर्थिक साक्षरता' या नावाच्या सहा तासिका माझ्याकडे दिल्या आहेत. बीए, बीकॉम, बीएस्सी मिळून सत्तर मुलं-मुली. निम्मी वसतिगृहात, नाहीतर कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून) राहतात. गेल्या वर्षी बाहेरून वक्ते बोलावले होते. त्यांनी दोन तास एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) आणि करोडपती होण्याची गणितं दाखवली आणि जाताना सगळ्यांचे मोबाईल नंबर लिहून घेतले. त्याच सत्रात एका मुलाने आपलं बँक खातं कुणाला तरी 'वापरायला' दिलं; ते गोठवलं गेलं, अजून उघडलेलं नाही. एका मुलीने ॲपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं आणि वसुलीचे फोन तिच्या मावशीला गेले. बाकीच्यांचे पैसे अठरा-वीस तारखेलाच संपतात. मी काय शिकवू, कोणत्या क्रमाने? घरच्या परिस्थितीवरून कुणाला ओशाळवाणं वाटू नये, हीही काळजी आहे. आणि शिकवलेलं अंगात उतरलं की नाही, हे कसं ओळखू?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

तासिकांकडे वळण्याआधी त्या दोन मुलांचं बघू, कारण त्यांना पुढच्या सत्रापर्यंत थांबता येणार नाही.

ज्याचं खातं गोठलंय त्याने बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या तक्रारीवरून खातं गोठवलं तिचा क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याने किंवा सायबर शाखेने कळवलं ते, आणि सगळं खातं बंद आहे की फक्त वादातली रक्कम अडवून ठेवली आहे. अर्जाची पोहोच घ्यावी. ठाणं बहुधा परराज्यातलं निघतं, कारण जिथे फसवणूक झाली तिथून पैशाचा माग काढत तक्रार इथवर येते. त्या ठाण्याला काय लिहायचं, हे एकट्याने ठरवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. खातं नेणाऱ्याशी झालेलं चॅट, कॉल, नंबर, काही पुसू नये. घाबरून मुलं नेमकं तेच आधी पुसतात, आणि आपण फसवले गेलो हे दाखवणारा एकमेव पुरावा जातो. एटीएम कार्ड बंद करावं. सिम दिलं असेल तर तेही बंद करावं. 'खातं उघडून देतो, इतके द्या' म्हणणारा एजंट भेटला तर ती दुसरी फसवणूक समजावी.

मुलीने मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची संपर्क, फोटो आणि मेसेजची परवानगी काढावी आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. मग ॲपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते शोधावं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून अशा ॲपांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. यादीत असेल तर त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. यादीत नसेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. खरोखर घेतलेली मुद्दल द्यावी लागेल, पण ती कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात. वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर एक रुपयाही टाकू नये. तो कर्जातून वजा होईल याची काही हमी नसते.

आता तुमच्या सहा तासिका.

गेल्या वर्षीचं व्याख्यान का वाहून गेलं, ते बघा. आर्थिक शिक्षणावरच्या २०१ अभ्यासांचं एक विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झालं. माणसांच्या पैशाच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने समजावता येतो आणि वीसेक महिन्यांनी शिकलेलं जवळजवळ विरतं, असं त्यात निघालं. पुढे ७६ प्रयोग एकत्र तपासल्यावर चित्र इतकं निराशेचं दिसलं नाही. शिकवण्याचा उपयोग होतो, असंच आढळलं. पण पहिल्या विश्लेषणातली एक सूचना तुमच्या कामाची आहे : निर्णय घ्यायच्या तोंडावर शिकवा. म्हणून सहाही तासिका एका आठवड्यात उरकू नका. हातात पहिले पैसे असताना एक, पंधरा दिवसांनी दुसरी, शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होताना तिसरी, गणपतीच्या आसपास चौथी, परीक्षा फॉर्मच्या आधी पाचवी, आणि सहावी जानेवारीत. प्राचार्यांना वेळापत्रकात ते अडचणीचं वाटेल, पण एवढ्यासाठी भांडा.

दुसरी चूक मोजमापाची. पगारदाराचा हिशोब महिन्याचा असतो, कारण त्याचं येणं आणि देणं दोन्ही महिन्याला असतं. विद्यार्थ्याचं तसं नाही. मेस आणि कॉटचं भाडं महिन्याला जातं. डिपॉझिट, जर्नल, परीक्षा फी, रिचार्ज, गावी जाण्याचं भाडं हे मात्र सत्रातून एक-दोनदा, एकदम येतं. महिन्याचं बजेट मांडलं की हे खर्च कुठेच दिसत नाहीत, आणि मुलगा प्रामाणिकपणे समजतो की आपल्याकडे पैसे आहेत. 'अर्धे गरजेला, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला' हे सूत्रही बाजूला ठेवा. ज्याचे सत्तर टक्के मेस आणि कॉटमध्येच जातात, त्याला ते सांगणं म्हणजे टोमणाच.

पहिल्या तासिकेत फळ्यावर एक काल्पनिक विद्यार्थी उभा करा. नाव मुलांनाच ठेवू द्या. घरून महिन्याला ६,५०० येतात. मेस २,८००, कॉट १,८००. उरले १,९००. वर्गाला विचारा, आठवड्याला किती खर्च करता येतील? कुणीतरी पावणेपाचशे म्हणेल, आणि बरोबर असेल : पाच महिन्यांचे ९,५००, वीस आठवड्यांत वाटले तर ४७५. आता सत्राचा कागद काढा. जुलैमध्ये कॉटचं डिपॉझिट १,८००. पुस्तकं, जर्नल, झेरॉक्स मिळून १,५००. परीक्षेचा फॉर्म ९००. दोन रिचार्ज १,४००. गावी तीन फेऱ्या ६०० (मुलींना एसटीत अर्धं तिकीट असल्याने त्यांचे तीनशेच). बेरीज ६,२००. साडेनऊ हजारांतून ते गेले की राहतात ३,३००, म्हणजे आठवड्याला १६५ रुपये. दिवसाला साधारण साडेतेवीस. एक चहा आणि एक वडापाव.

४७५ आणि १६५ यांतला फरक फळ्यावर तसाच राहू द्या, पुसू नका. तुमच्या वर्गाची अठरा तारीख त्याच फरकात आहे. मुलं उधळी नाहीत; ४७५ आहेत असं धरून चालतात आणि ऑक्टोबरमध्ये फॉर्मची फी समोर आली की उसने मागतात. तुमच्या गावचे खरे दर घाला. मेसचे आणि कॉटचे आकडे मुलंच सांगतील, आणि इथे वर्ग पहिल्यांदा जागा होईल.

त्यानंतर प्रत्येकाने वहीच्या एका पानावर स्वतःचं सत्र मांडायचं : डावीकडे वीस आठवडे, उजवीकडे त्या-त्या आठवड्यात येणारं आणि जाणारं. शिष्यवृत्ती त्यात धरायची नाही. ती आली की वेगळी मांडायची. पान कुणी जमा करायचं नाही, तुम्हीही बघायचं नाही. हे आधीच सांगितलंत तर मुलं खरं लिहितात. मेसच्या खाड्यांचा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा) नियम मात्र प्रत्येकाने विचारून यायचा. बहुतेक मेसवाले आधी सांगितलेले आणि सलग असलेलेच खाडे धरतात. २,८०० रुपयांच्या मेसला दिवसाचे सुमारे ९३ पडतात. दिवाळीच्या आठ दिवसांचे खाडे वेळेत सांगितले तर जवळजवळ ७५० वाचतात. परीक्षेचा फॉर्म बराचसा तिथेच निघाला.

दुसऱ्या तासिकेला मुलांनी स्वतःच्या फोनवरचे गेल्या तीस दिवसांचे यूपीआय व्यवहार उघडायचे. रुपये लिहायचे नाहीत, फक्त खुणा करायच्या : पन्नासच्या आतले किती, पन्नास ते दोनशे किती, त्यावरचे किती. आणि किती व्यवहार कशाचे होते तेच आठवत नाही. शेवटची खूण महत्त्वाची. आठवत नसलेल्या व्यवहारांची संख्या बघून मुलं स्वतःच गप्प होतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. लगेच ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी उघडायला लावा. गाण्याचं, सिनेमाचं, कुठल्यातरी 'एक रुपयात सात दिवस'चं सदस्यत्व तिथे सापडतं. ते तिथल्या तिथे रद्द करून घ्या. घरी जाऊन करतो म्हणणारा करत नाही.

याच तासात दोन खात्यांची घडी बसवायची. एक खातं राखीव : त्याला यूपीआय जोडायचंच नाही, फी-फॉर्मचे पैसे तिथे. दुसरं रोजचं. राखीव खात्यासाठी बँकेत 'बेसिक सेव्हिंग्ज', म्हणजे मूलभूत बचत खातं, हे शब्द उच्चारून मागायला शिकवा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. न मागता ते कुणी सुचवत नाही. एकाच बँकेत मूलभूत खातं आणि साधं बचत खातं दोन्ही ठेवता येत नाहीत, हेही सांगा, नाहीतर मुलं दोन खेपा घालतील. एटीएमचा हिशोबही इथेच : आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरात तीन, बाकी ठिकाणी पाच. पुढे प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. नुसती शिल्लक बघणं हाही एक व्यवहार धरतात.

आठवड्याच्या १६५ रुपयांना बांध घालायला यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलंच छोट्या खर्चाचं पाकीट, चांगलं आहे. सोमवारी तेवढेच भरायचे, छोटे खर्च त्यातूनच करायचे, संपले की संपले. पण आपोआप भरण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर बांधच फुटला. एक तोटाही माहीत हवा : त्यातले छोटे खर्च पासबुकात एकेक करून येत नाहीत, ॲपमध्येच बघावे लागतात. काही मुलांना त्यापेक्षा रोख नोटा पाकिटात ठेवणं जमतं. जमतं ते करू द्या.

ओशाळवाणेपणाचा तुमचा प्रश्न इथे येतो. वर्गात घरचं उत्पन्न, जमीन, वडिलांचा व्यवसाय, काही विचारू नका. मुलांनी उदाहरणं द्यायची ती फळ्यावरच्या काल्पनिक विद्यार्थ्याची, स्वतःची नाहीत. वाटणी दाखवायची असेल तर टक्क्यांत दाखवा. आणि एक गोष्ट गाळू नका : तुमच्या वर्गात घरून पैसे घेणारी नव्हे, घरी पैसे पाठवणारी मुलंही असतील. कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेत काम करून मिळालेले, दिवाळीच्या सुट्टीत कॅटरिंगला जाऊन मिळवलेले, त्यातले पाचशे आईला जातात. त्याला खर्चात 'गावी' असं एक साधं नाव द्या आणि पुढे चला. काही मुलींचं एटीएम कार्ड भावाकडे आणि ओटीपी वडिलांच्या फोनवर असतो. त्यावर वर्गात चर्चा नको. पण खात्याला जोडलेला नंबर स्वतःचा असावा, तो बदलायला आधार आणि पासबुक घेऊन शाखेत जावं लागतं, ही माहिती सगळ्यांना एकदम द्या. जिला हवी ती घेईल.

तिसरी तासिका शिष्यवृत्तीची. अर्ज कसा भरायचा ते तुमच्या कार्यालयातले लोक सांगतात; पैसे कुठे पडतात ते कुणी सांगत नाही. थेट लाभाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार एका वेळी एकाच खात्याशी त्या कामासाठी जोडलेलं असतं. मुलगा अकरावीत एक खातं काढतो, शहरात आल्यावर दुसरं, आणि दुसऱ्या बँकेत सही करताना आधार जोडणीच्या चौकोनात टिक करतो. शिष्यवृत्ती नव्या खात्यात जाते आणि तो वर्षभर जुन्या पासबुकात शोधत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. वर्गातच बघायला लावा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, तेही तपासायला हवं. ज्या मुलाचं खातं गोठलंय, त्याची यंदाची शिष्यवृत्ती अडकायची नसेल तर आधार दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडून घेणं, हे त्याचं पहिलं काम.

आणखी एक अडचण. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राच्या साठ टक्के वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, आणि तिच्यात कॉलेजची फीही असते. अचानक मोठी रक्कम दिसली की ती आपलीच वाटते. नवा मोबाईल घेतला जातो, थोडे घरी जातात, आणि दोन महिन्यांनी कॉलेज फी मागतं. तुमच्या कार्यालयाकडून प्रत्येक अभ्यासक्रमाचा आकडा आधीच लिहून घ्या : यातले इतके कॉलेजचे, इतके तुमचे. हा कागद सूचना फलकावर लावला की निम्मी भांडणं होतच नाहीत. स्वतःच्या वाट्याची वाटणी साधी आहे : आधी उसनं फेडायचं, मग पुढच्या सत्राचा फॉर्म आणि डिपॉझिट राखीव खात्यात, उरेल त्यातून पाहिजे ते.

चौथी तासिका खातं भाड्याने देण्याची, आणि हिला पूर्ण तास द्या. मुलांना हा गुन्हा वाटतच नाही, त्यांना ते मित्राला मदत वाटते. मागणी कशी येते, ते त्याच भाषेत सांगा. 'माझ्या खात्याची लिमिट संपली, तुझ्याकडे टाकतो, काढून दे.' 'कंपनीला खाती लागतात, पासबुक-एटीएम-सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील.' 'तुझ्या खात्यावर दहा हजार येतील, एक तुझा, नऊ रोख दे.' मागणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, एक-दोन वर्षं पुढचा. तोही कुणाच्या तरी हाताखालचा.

मग पैशाचा प्रवास फळ्यावर काढा. कुठल्यातरी गावातल्या निवृत्त शिक्षकाची फसवणूक होते. त्यांचे चार लाख मिनिटांत पहिल्या खात्यात जातात, तिथून पाच, मग वीस खात्यांत फुटतात आणि एटीएमवर रोख निघतात. ते शिक्षक १९३० वर फोन करतात, आणि साखळीतलं एकेक खातं गोठू लागतं. ज्यांनी पैसे काढले त्यांचं नाव कुठेच नसतं. नाव असतं ते खातेदाराचं : फोटो, आधार, पॅन, पत्ता सगळं खरं. पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. 'मला माहीत नव्हतं' हे त्याला पटवून द्यावं लागतं, आणि कमिशन घेतलेलं असेल तर ते अवघड जातं. हजार-दोन हजारांसाठी शिष्यवृत्ती, पहिल्या नोकरीचा पगार, पोलीस पडताळणी, सगळं टांगणीला लागतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुमच्या जिल्ह्यात भरपूर. त्यांना शेवटचा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज पडणार नाही.

खात्यात अनोळखी पैसे आले आणि 'चुकून आले, परत पाठवा' असा फोन आला, तर स्वतः पाठवायचे नाहीत. खर्चही करायचे नाहीत. बँकेला लेखी कळवायचं, बँक बघेल. सिमचीही तपासणी तिथेच करून घ्या : संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसतं, नको असलेला तिथेच कळवता येतो. जमलं तर या तासाला जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातलं कुणी बोलवा. बाहेरचा वक्ता बोलवावा असा हा एकच विषय आहे.

पाचवी तासिका उधारीची, परीक्षा फॉर्मच्या दोन आठवडे आधी, जेव्हा खरंच पैसे कमी असतात. त्या ॲपचं गणित मुलांनाच सोडवू द्या. कर्ज ५,००० चं. प्रोसेसिंग फी ५००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ९०, दोन्ही आधीच कापून हातात येतात ४,४१०. तीस दिवसांनी फेडायचे व्याजासह ५,१५०. म्हणजे ४,४१० वापरण्याचे ७४० रुपये. महिन्याला जवळजवळ १७ टक्के, वर्षाला २०० टक्क्यांच्या वर. गावचा सावकार महिन्याला पाच टक्के घेतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, ते वर्षाला साठ होतात. ॲपवर लिहिलेलं असतं 'फक्त ३ टक्के', कारण ते फीला व्याजात धरत नाहीत. यासाठीच रिझर्व्ह बँकेने कर्जाआधी एक माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे, त्यात सगळी फी धरून वार्षिक टक्का छापावा लागतो. मुलांना त्या पानावरची ती एकच ओळ शोधायला शिकवा. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची परतीची मुदत असते. त्यात दंड न भरता मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र परत मिळेलच असं नाही. आणि जे ॲप संपर्कयादी मागतं ते तिथेच काढून टाकायचं. नियमांनुसार त्याला ती मागताच येत नाही.

'आत्ता घ्या, नंतर द्या'वर घेतलेले बूट हेही कर्जच असतं. हप्ता चुकला की ते सिबिलसारख्या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे नोंदलं जातं. पुढे शैक्षणिक कर्जाला गेल्यावर बँक तीच नोंद बघते. क्रेडिट कार्डाचं एवढंच सांगा : 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं म्हणजे बिल भरलं असं नाही, बाकीवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज चालू राहतं.

मित्रांतली हातउसनी बंद होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत. अडीअडचणीला तीच कामाला येतात. फक्त रक्कम आणि परतीची तारीख दोघांच्या चॅटमध्ये लिहून ठेवायची. मैत्री तुटते ती पैशापेक्षा आठवणीतल्या फरकामुळे.

तासाच्या शेवटी पाच मिनिटं कॉलेजच्या मदतीवर बोला. तुमच्याकडे फी हप्त्याने भरण्याची सोय, विद्यार्थी कल्याण निधी, कमवा व शिका यांपैकी काय आहे, अर्ज कुणाकडे द्यायचा, टेबल कोणतं. मुलगी ॲपकडे जाते त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की कार्यालयाच्या खिडकीत काय विचारायचं ते तिला माहीत नसतं.

सहावी जानेवारीत. इथे गुंतवणूक आली तरी चालेल, पण पंधरा मिनिटांत उरका. आधी दोन हजारांची गंगाजळी : पंधरा दिवसांची मेस आणि गावचं तिकीट. ती झाल्याशिवाय एसआयपी नको, कारण पहिल्याच अडचणीत ती मोडावी लागते. गंगाजळी झाली की शंभर रुपयांची आवर्ती ठेवही पुरे. अनेक बँकांत ती किमान सहा महिन्यांची असते, म्हणजे जानेवारीत सुरू केली तर जुलैच्या प्रवेशाला हातात येते. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांबद्दल) मात्र स्पष्ट बोला, कारण मागच्या बाकावर कुणीतरी ते करत असतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ ही तीन आर्थिक वर्षं तपासली. शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा. त्यातल्या शेवटच्या वर्षी करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के. टीम लावून पैसे मिळवण्याचे मोबाईल गेम ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले आहेत. त्यामुळे आता लिंकवरून 'खास ॲप' म्हणून जे येतं ते बेकायदाच असतं.

उरलेला वेळ शैक्षणिक कर्जाला द्या. बीएस्सीनंतर एमसीए, एमबीएला जाणारी बरीच असतील, आणि 'नोकरी लागेपर्यंत काही भरायचं नाही' एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलं नसतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी सुरुवातीला अडीच लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज धरलं आणि अभ्यासक्रमानंतरच्या एका वर्षापर्यंत काही भरलं नाही, तर पहिल्या अडीच लाखांचे ७५,०००, दुसऱ्यांचे ५०,००० साचतात. पाच लाखांवर सव्वा लाख, पहिला हप्ता सुरू होण्याआधीच. पहिल्या वर्षी हेच व्याज महिन्याला साधारण २,०८३ रुपये असतं. घरच्यांना तेवढं भरता आलं तर भरावं.

परीक्षा घेऊ नका. बरोबर पर्यायाला टिक करणारा मुलगाच संध्याकाळी खातं भाड्याने देऊन येतो. त्याऐवजी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या तासिकेच्या शेवटी बिननावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायला लावा. तीच चार विधानं, हो किंवा नाही : पुढच्या परीक्षेची फी आज माझ्याकडे बाजूला आहे. गेल्या महिन्यात मी कुणाकडून तरी उसने घेतले. माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते मला माहीत आहे. कुणीतरी माझं खातं किंवा सिम मागितलं होतं. पहिलं आणि तिसरं वाढायला हवं. दुसरं तिसऱ्या तासिकेपर्यंत फारसं कमी होणार नाही, जानेवारीत बघा. चौथ्याला 'हो' म्हणणारे पाच जरी निघाले तरी मागणारा तुमच्याच आवारात आहे असं समजा आणि चिठ्ठ्यांचा आकडा घेऊन प्राचार्यांकडे जा, मुलांची नावं न शोधता.

पुन्हा कुणी वक्ते यायला तयार झाले तर तीन अटी आधीच लिहून घ्या : कोणतीही योजना किंवा पॉलिसी विकायची नाही, मुलांचे नंबर घ्यायचे नाहीत, क्यूआर कोड दाखवायचा नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रातला समुपदेशक किंवा राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा मोफत कार्यक्रम या अटींत बसतो. गेल्या वर्षी ज्यांचे नंबर गेले त्यांना आतापर्यंत पॉलिसीचे फोन सुरू झाले असतील. नंबर ब्लॉक कसा करायचा हेही पहिल्याच तासिकेत दाखवून टाका.